वाळत घातलेला माणूस

ऊन पडलं की कपडे वाळतात, हे गार्थ पेंगेलीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीत हे ज्याला कळत नाही त्याला लोक वेडा समजतात, नाहीतर सिडनीचा. तिथं प्रत्येक परसात मधोमध एक लोखंडी खांब असतो, त्यावर उघड्या छत्रीसारखा तारांचा सांगाडा, आणि वारा सुटला की घरादाराच्या चड्ड्या-बनियनी शेजाऱ्यांच्या साक्षीनं गोल गोल फिरतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही. त्यामुळं डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी, अमेरिकेत, आयोवातल्या डेकरव्हिल गावी, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून "काय फक्कड ऊन पडलंय!" असं गार्थ म्हणाला, यात त्याचा फारसा दोष नव्हता. बाहेर उणे अठरा होतं, पण ते खिडकीतून दिसत नव्हतं.

त्याची बायको लिओनी तेव्हा ड्रायरमधून नुकतीच काढलेली चादर नाकाशी धरून उभी होती.

"वासच नाही हिला," ती म्हणाली. "प्रेतावर घालतात तसली वाटते."

"स्वच्छ धुतलीय की. आणखी काय पाहिजे?"

"प्रेतावरची पण धुतलेलीच असते, गार्थ."

मेपल कोर्ट हा त्यांचा रस्ता होताच तसा, माणसाच्या तोंडी असली भाषा आणणारा. चौदा घरं, चौदा गॅरेजं, एकही कुंपण नाही आणि एकही माणूस नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस, पहिल्या बर्फाबरोबरच पेंगेली कुटुंब तिथं उतरलं, तेव्हापासून त्यांनी रस्त्यावर दोन पायांचं काही पाहिलं नव्हतं. सकाळी अंधारात गॅरेजं तोंड उघडायची, गाडी बाहेर टाकायची आणि मिटायची. संध्याकाळी अंधारात पुन्हा तोंड उघडून गाडी गिळायची. मधल्या वेळात दिवे आपोआप लागायचे, आपोआप विझायचे, आणि पडदे मात्र हलायचे. लिओनी बशीभर केक घेऊन दोन घरी जाऊन आली होती. पुढच्या दाराची घंटा वाजवली. आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला. मग काहीच नाही. ओळखीचा माणूस गॅरेजच्या बाजूनं येतो आणि पुढची घंटा वाजवणारा एकतर काही विकायला आलेला असतो नाहीतर धर्माचं सांगायला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला आधी कुणीतरी भेटावं लागतं.

केक तिघांनी संपवला. त्या रात्री लिओनीनं जाहीर केलं, "नाताळ इथं काढते. पण शाळा सुरू व्हायच्या आत मी टॅम्सिनला घेऊन घरी."

घरी म्हणजे पोर्ट पिरीला. तिथं शाळेचं नवं वर्ष जानेवारी संपता संपता सुरू होतं. चौदा वर्षांच्या लेकीची, टॅम्सिनची, जागा राखून ठेवायची का, हे त्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं आणि शनिवारी विमानात बसायचं. गार्थचा धान्याच्या कोठारांच्या कंपनीशी दोन वर्षांचा करार होता, त्यामुळं तो मागं राहणार. यावर त्यांचं भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर गार्थला बरं वाटलं असतं. लिओनी शांतपणे आईला, दोन्ही बहिणींना, न्हावीणबाईला आणि टेनिस क्लबला कळवून मोकळी झाली, म्हणजे अख्ख्या पोर्ट पिरीला कळलं.

गार्थ हा बोलून मन वळवणारा माणूस नव्हता. तो खांब रोवून मन वळवणारा माणूस होता. लिओनीच्या चादरीला उन्हाचा वास आला की ती राहील, असा त्यानं साधा हिशेब मांडला आणि त्याच रविवारी कामाला लागला.

अमेरिकेत आपल्याच परसात खड्डा खणायचा तर आधी फोन करावा लागतो, म्हणजे जमिनीखाली कुठं काय पुरलंय याची कुणीतरी येऊन खूण करतं. फोनवरची बाई म्हणाली, तीन दिवसांत माणूस येईल. चौथ्या दिवशी सकाळी परसात बघतात तर बर्फात लाल, पिवळी, केशरी, हिरवी अशी वीतभर उंचीची पंचवीस-तीस निशाणं उभी. कोण आलं, कधी आलं, कुणी पाहिलं नाही. रात्रीतून पुन्हा बर्फ पडल्यानं पाऊलखुणाही नव्हत्या.

"बाहुल्यांचं कब्रस्तान," टॅम्सिन म्हणाली आणि शाळेला गेली.

निशाणं चुकवून गार्थनं पहार हाणली. पहार टण्णकन वाजून त्याच्याच अंगावर आली. तिसऱ्या घावाला त्याच्या खांद्यातून कळ गेली आणि चौथ्याला पहार वाकली. ती घेऊन तो हार्डवेअरच्या दुकानात गेला. तिथला ड्वेन ह्रुस्का हा डेकरव्हिलमधला त्याच्याशी आपण होऊन बोलणारा एकमेव माणूस, कारण गिऱ्हाइकाशी बोलावंच लागतं.

"खणायचं आता एप्रिलात," ड्वेन म्हणाला. "पूर्वी इथं हिवाळ्यात माणूस गेला तरी एप्रिलपर्यंत ठेवून द्यायचे."

"कुठं?"

"असंच. थंड जागी." ड्वेननं वाकलेली पहार न्याहाळली. "एक पिंप घ्या. खांब उभा करा, पाणी ओता आणि झोपायला जा. सकाळी तो खांब काढून दाखवलात तर मी दुकान तुमच्या नावावर करतो."

दुसऱ्या दिवशी खांब असा रोवला गेला की देवळाचा दीपस्तंभ परवडला. तारांचा सांगाडा ड्वेननं मागवून दिला. गार्थ त्याच्याकडं बघत चहा पीत होता, तेवढ्यात पुढच्या दाराच्या फटीत पत्र सापडलं. रहिवासी समितीचं. खाली सही, व्हर्ना डायकस्ट्रा, सचिव. मेपल कोर्टमध्ये कायमस्वरूपी बांधकामाला परवानगी लागते आणि आपण ती घेतलेली दिसत नाही. गार्थनं रात्री बसून उत्तर लिहिलं: सदर बांधकाम बर्फाचं असून ते एप्रिलमध्ये आपोआप वाहून जाईल, सबब ते कायमस्वरूपी नाही. आठवड्यानं पुन्हा फटीत पत्र. समिती बर्फाचा विचार करत आहे. हे पत्र गार्थनं फ्रिजवर चिकटवलं. समोरासमोर न भेटलेल्या बाईवर मिळवलेला तो त्याचा अमेरिकेतला पहिला विजय होता.

कपडे वाळत घालताना लिओनी दारात उभी राहून बघत होती. पहिल्या टॉवेलला चिमटा लावून गार्थ दुसरा उचलतो तोवर पहिला कडक झालेला. चादरीची पत्र्यासारखी फळी झाली. शर्टांचे हात जसे होते तसे आखडले, कुणी शपथ घेताना, कुणी शरण येताना. तासाभरानं गार्थ सगळं घरात घेऊन आला, म्हणजे एकेकाला कमरेला धरून आणावं लागलं. त्याचा कामावर घालायचा निळा, मानेपासून पायापर्यंत एकसंध बॉयलरसूट जिन्यापाशी बसेना, म्हणून त्याला जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत टेकवून ठेवला.

टॅम्सिन खाली आली. समोर बसून तिनं टोस्टला लोणी लावलं. "बाबा, मीठ दे ना," ती बॉयलरसूटला म्हणाली.

घर गरम होतं. हळूहळू सूटचे खांदे उतरले, मग कंबर मोडली आणि शेवटी तो टेबलावर डोकं नसलेल्या जागी डोकं टेकून ओणवा झाला. तिघंही ते बघत राहिले. आपण म्हातारपणी असेच बसू, असं गार्थच्या मनात येऊन गेलं आणि त्यानं उठून खिडकीचा पडदा सारखा केला.

पण चादर! ती अर्धवट ओली चादर लिओनीनं नाकाशी धरली आणि बराच वेळ बाजूला केली नाही. गार्थला तेवढं पुरे होतं. गोठलेले कपडेही चार-पाच दिवसांत गोठल्या गोठल्याच वाळतात, असं ड्वेननं सांगितलं, तेव्हापासून त्यानं नेमच धरला. त्याचे बॉयलरसूट दोन होते. एक अंगावर, एक तारेवर. माणूस शिस्तीचा असल्यानं हातमोजे हरवू नयेत म्हणून ते तो बाह्यांच्या टोकांनाच चिमट्यानं लावायचा आणि कानटोपी कॉलरवर. नाताळ आला, गेला. जानेवारी उजाडला. परसात एक निळा माणूस दिवसरात्र उभा असायचा. वारा थोडा असला की सांगाडा सावकाश फिरे आणि तो माणूस एकेका घराकडं तोंड करून, जरा थांबून, पुढच्या घराकडं वळे.

खुद्द गार्थ एकदा कामावरून येऊन मागच्या अंगाला कचरा टाकायला गेला आणि संधिप्रकाशात त्याला बघून हातातली पिशवी टाकून घरात पळाला.

"काय झालं?" लिओनीनं विचारलं.

"काही नाही. मीच होतो."

"मला तर वाटायला लागलंय की तू दोन ठिकाणी असतोस," ती म्हणाली, "आणि दोन्हीकडं गप्पच असतोस." तिनं बॅगा पोटमाळ्यावरून खाली काढल्या होत्या. चादरींना उन्हाचा वास येत होता आणि तरीही बॅगा भरल्या जात होत्या. गार्थच्या पोटात खड्डा पडला. खणता आलेला तेवढाच.

शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी असा वारा सुटला की कोठारांचं काम बंद ठेवलं आणि गार्थ घरी राहिला. टॅम्सिनच्या शाळेलाही सुट्टी दिली होती. दुपारी खिडकीतून बघतो तर तारेवर चार चिमटे तेवढे थरथरत होते. निळा माणूस गेला होता. गार्थनं परस पालथं घातलं. तो कुठं गेला असेल, या प्रश्नाचं उत्तर तासाभरानं पोलिसाच्या रूपानं दाराशी आलं. पोरसवदा होता, चेहरा गंभीर, आणि काखेत बॉयलरसूट आडवा धरलेला, हातमोज्यांसकट.

"सर, हे तुमचे?"

"माझेच. कुठं सापडले?"

"तुमच्या परसापलीकडं ऑर्व्हिल स्टेन्सरूड राहतात. वय वर्षं शहाऐंशी. दारावर धडका बसल्या म्हणून त्यांनी दार उघडलं. तर हे आत पालथे पडले."

"अरे देवा!"

"त्यांनी रुग्णवाहिका बोलावली. नियमाप्रमाणं डॉक्टरकडची माणसं तपासेपर्यंत सगळं स्ट्रेचरवरूनच न्यावं लागतं. गाडीत नेऊन तपासलं, तेव्हा कळलं." त्यानं खिशातून कागद काढला. "सही करा. वस्तू मिळाली म्हणून."

कागदावर 'सापडली तेव्हाची स्थिती' असा रकाना होता. त्यात पोलिसानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'ताठ'. गार्थनं सही केली. त्याचे कान लाल झाले होते आणि ते थंडीनं नव्हते.

"म्हाताऱ्यांना समजावलंत ना?"

"दोनदा सांगितलं. त्यांनी कानातली यंत्रं घातली नव्हती, पण मान हलवत होते," पोलीस म्हणाला आणि गेला. लिओनी तेव्हा वर बॅगा भरत होती, तिला यातलं काही कळलं नाही.

तोंड दाखवायला जागा नाही असं झालं की पोर्ट पिरीचा माणूस समुद्रावर जातो. गार्थकडं तळघर होतं. बॉयलरसूट खांद्यावर टाकून तो खाली उतरला, घर तापवणाऱ्या भट्टीशेजारी उलट्या बादलीवर बसला आणि सूट तिथल्या दोरीवर टाकला. त्या सुटातून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. या घराची एक खोड होती: भट्टीतून प्रत्येक खोलीत गरम हवेचे पत्र्याचे बोगदे गेले होते, आणि त्यांतून हवा वर जायची तसे वरचे आवाज खाली यायचे, जरा घोगरे होऊन, जणू खूप दिवसांपूर्वी कुणीतरी बोललेले.

पुढच्या दाराची घंटा वाजली. पोलीस सोडला तर तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"ये गं माझ्या बाई," अनोळखी बायकी आवाज आला आणि मग कपड्यांची सळसळ. कुणीतरी लिओनीला मिठी मारली होती. "मी व्हर्ना डायकस्ट्रा. काही बोलू नकोस. हे गरम आहे, बटाटे आणि चीज आहे, तासभर तरी गरम राहील."

"अय्या! या ना, आत या," लिओनीचा आवाज. "इतकं कशाला आणलंत?"

पुन्हा घंटा. पुन्हा. पायांचे आवाज डोक्यावरून पसरत गेले. खुर्च्या सरकल्या. टेबलावर जड काचेची भांडी टेकत होती, एक, दोन, चार, सहा. गार्थ तोंड उघडं टाकून छताकडं बघत राहिला. अख्खा मेपल कोर्ट त्याच्या डोक्यावर जमला होता. लिओनी चहाला विचारत होती. लिओनी, जी तीन महिने भिंतीशी बोलत होती, ती आता खळखळून सांगत होती की हे भांडं इकडं ठेवा, तुमचं नाव काय, कोट द्या इकडं. तिचा तो आवाज ऐकून गार्थला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. अखेर लोकांना माणुसकी सुचली, असं त्याला वाटलं.

जिन्यावर टॅम्सिन आली. तिनं दार ओढून घेतलं आणि दोन पायऱ्या उतरून खाली वाकली.

"बाबा, तू वारलास."

"काय?"

"त्या ऑर्व्हिल आजोबांनी सगळ्यांना फोन केले. ऑस्ट्रेलियन माणूस माझ्या दारात गोठून मेला म्हणून. स्ट्रेचर तर सगळ्यांनीच पाहिलं. आईला अजून कळलेलं नाही. तिला वाटतंय स्वागताला आलेत."

"मग सांग की तिला जाऊन!"

"कशी सांगू? चौघी बसल्यात तिचे हात धरून." टॅम्सिननं वर कान दिला. "आणि बाबा, ती हसतेय. जरा वेळ मेलेलाच राहा ना."

ती वर गेली. गार्थ बादलीवर बसून राहिला. भट्टी घुरघुरली आणि बोगद्यातून आवाज येत राहिले.

"मन मोकळं करावं," व्हर्ना म्हणत होती. "रडावंसं वाटलं तर रडावं."

"रडून झालं हो माझं," लिओनी म्हणाली. "तीन महिने दुसरं काय करत होते? पण आज खरं सांगू? आज फार बरं वाटतंय."

वर एक खुर्ची सरकली.

"धक्का बसला की असं होतं," कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं.

"आता... परत जाणार तुम्ही?" व्हर्नानं विचारलं.

"हो, शनिवारी. मी आणि मुलगी. तो मागं राहील."

"मागं? म्हणजे इथंच?"

"करारच आहे ना दोन वर्षांचा."

चमचा बशीत वाजला आणि थांबला. गार्थनं डोकं धरलं. हे थांबवायला पाहिजे होतं. पण थांबवायचं म्हणजे वर जायचं, वर जायचं म्हणजे जिवंत व्हायचं, आणि जिवंत झालं की ही सगळी माणसं वरमून आपापली भांडी उचलणार, गॅरेजमधून आत जाणार आणि एप्रिलपर्यंत दिसणार नाहीत. मेल्यावर जे जमलं होतं ते जिवंतपणी तीन महिन्यांत जमलं नव्हतं. आपण असण्यापेक्षा नसण्याचा घराला जास्त उपयोग आहे, हा विचार कुठल्याही माणसाला बादलीवर बसून करावा लागू नये.

तेवढ्यात एक जाडाभरडा, थरथरता आवाज आला. हा म्हातारा मोठ्यानं बोलत होता, कानानं कमी ऐकणारे बोलतात तसा.

"मी रोज त्यांना हात करायचो. दीड महिना झाला. थंडी असो, वारा असो, परसात उभे असायचे. माझ्याकडं बघायचे. मी खिडकीतून हात करायचो. त्यांनी कधी उलट हात केला नाही. मला वाटलं, गर्विष्ठ माणूस आहे."

"आम्हालाही तसंच वाटलं," व्हर्ना म्हणाली. "मी यायची ठरवून दोनदा कोट घातला. पण बाहेर बघावं तर हे उभे. आमच्याच घराकडं टक लावून. कुणाची हिंमत व्हायची?"

गार्थच्या अंगावर काटा आला. बायकोला ठेवून घ्यायला म्हणून त्यानं जो माणूस परसात उभा केला होता, तोच दीड महिना सगळ्या रस्त्याला घराबाहेर थोपवून धरत होता.

"आणि आज ते माझ्या दाराशी आले," म्हातारा म्हणत होता. "मदत मागायलाच आले असतील. धडका मारत होते. मी काठी शोधत बसलो. मी लवकर उघडायला हवं होतं. मी लवकर उघडलं असतं तर..." एक शहाऐंशी वर्षांचा माणूस पत्र्याच्या बोगद्यात रडत होता.

गार्थनं दोरीवरचा सूट ओढून खांद्यावर टाकला आणि तो उठला. लाज, शुक्रवार, शनिवार, सगळं एकीकडं. आपल्यासाठी कुणी असं रडत असताना बादलीवर बसून राहणं त्याला जमेना.

वर लिओनी गोंधळून म्हणत होती, "पण तुम्ही रडताय कशाला, आजोबा? कोण आलं तुमच्या दाराशी? गार्थ तर सकाळपासून घरात आहे."

"घरात?" व्हर्नाचा आवाज बारीक झाला. "म्हणजे... त्यांनी तुमच्याकडं आणून दिलं?"

"कुणी आणून द्यायला कशाला पाहिजे? तळघरात आहे तो. भट्टीशेजारी. वर यायला लाजतोय."

वर अशी शांतता पसरली की भट्टी आपोआप बंद झालेलीही ऐकू आली. आणि त्या शांततेत गार्थनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. लाकडी जिना जुना होता. तो प्रत्येक पायरीला जेवढं करकरायला हवं त्याहून जास्त करकरला. वर कुणीतरी देवाचं नाव घेतलं. गार्थला घाई करावीशी वाटली, मग वाटलं घाईनं आणखी घाबरतील, म्हणून तो अगदी सावकाश चढला आणि त्यानं प्रकरण आणखीच बिघडलं. दाराची मूठ फिरली. खांद्यावर ओला, लोंबकळता बॉयलरसूट, डोक्यात तळघरातली जळमटं, गरम-गारानं पांढराफटक पडलेला चेहरा, असा गार्थ पेंगेली आपल्या शोकसभेला हजर झाला.

व्हर्ना डायकस्ट्रानं वाटाण्यांचं भांडं छातीशी धरलं आणि ते तसंच धरून खुर्चीवर चढली. दोघीजणी एकदम किंचाळल्या. एक गृहस्थ पुढच्या दाराकडं निघाले आणि ते दार कसं उघडतं हे सवय नसल्यानं त्यांना कळेना. टॅम्सिन फ्रिजला टेकून टोस्ट खात होती.

फक्त ऑर्व्हिल स्टेन्सरूड जागचे हलले नाहीत. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्यांनी दारातल्या निळ्या-पांढऱ्या आकृतीकडं पाहिलं. मग हळूहळू हात वर केला, रोज करायचे तसा.

गार्थनं हात वर केला.

"आज केलात," म्हातारा म्हणाला. आणि मग त्याला खरं रडू फुटलं.

पुढचा अर्धा तास समजावण्यात गेला. गार्थनं बॉयलरसूट दाखवला, कानटोपी दाखवली, चिमटे दाखवले. पोलिसानं दिलेला कागद हातोहात फिरला. हसायला पहिल्यांदा लिओनीनंच सुरुवात केली, पण मधेच तिचा चेहरा बदलला. ती गार्थपाशी आली आणि लोकांदेखत तिनं त्याच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"म्हणजे ही सगळी तू मेलास म्हणून आली होती?"

"तसंच दिसतंय."

"आणि मी त्यांना सांगितलं की मला फार बरं वाटतंय."

"ऐकलं मी."

"गाढवा," ती म्हणाली, आणि बराच वेळ डोकं उचललं नाही.

व्हर्ना खुर्चीवरून उतरली. तिचे गाल लाल झाले होते. घसा साफ करून ती म्हणाली, "आलोच आहोत तर जेवून घेऊ. गार होतंय." आणि मेपल कोर्टनं आपण होऊन बशा शोधल्या.

रिकामी भांडी मात्र कुणी परत नेत नाही, तशी तिथली रीतच आहे. दुःखाच्या घरी आणलेलं भांडं तिथंच ठेवायचं, आणि त्या घरानं सावकाश ते धुऊन परत करायला यायचं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं. माणूस मेलेला नव्हता म्हणून रीत मोडावी असं कुणालाच वाटलं नाही. बुधवारी सकाळी लिओनीनं नऊ भांडी पालथी घालून नऊ नावं वाचली आणि निघाली, या खेपेला गॅरेजच्या बाजूनं. पहिलं भांडं परत करायला अडीच तास लागले. ऑर्व्हिलचं द्यायला गेली ती दुपारचं जेवूनच आली. गुरुवारी संध्याकाळी नववं भांडं पोचलं. बॅगा पलंगापाशी भरलेल्या होत्या. त्यांच्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही, आणि विचारायची गार्थची छाती झाली नाही. अख्ख्या पोर्ट पिरीला 'येते' म्हणून कळवलेली बाई नुसतं 'बरं वाटतंय' म्हणून थांबत नसते, हे त्याला ठाऊक होतं. तिचंही नाक होतं.

शुक्रवारी गार्थ कामावरून आला तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर एक भांडं होतं. निळं, झाकणाचं, बीडाचं.

"हे कुणाचं?"

"तेच कळत नाही," लिओनी त्याच्याकडं न बघता म्हणाली. "फ्रिजमधे मागं राहिलं होतं. बुडाला नाव नाही. सगळीकडं विचारून आले. व्हर्ना तर बघून पांढरीच पडली. म्हणाली, असलं भांडं आधी या घरात राहायच्या त्या आर्डिसबाईंकडं होतं. आणि त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली." तिनं हात पुसले. "मंगळवारी दारातून कोण कोण आलं, कुणी मोजलेलं नाही, गार्थ."

घरात एकदम गार वाटलं. वरच्या मजल्यावर टॅम्सिनच्या चालण्याचा आवाज बोगद्यातून आला आणि थांबला.

"मग आता?" गार्थनं विचारलं.

"मग काय? दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून कसं जायचं? उद्या म्हणतील, ऑस्ट्रेलियन बाई भांडं घेऊन पळाली. मालकीण सापडेपर्यंत तरी थांबलं पाहिजे. आईला कळवलंय तसं. शाळेलाही." ती दाराकडं वळली. "धुऊन ठेव तेवढं."

ती वर बॅगा रिकाम्या करायला गेली. गार्थनं गरम पाणी सोडलं आणि भांडं उचलून हलक्या हातानं पालथं केलं, कारण खरं सांगायचं तर त्यालाही जरा भीती वाटत होती. बुडाला, कडेशी, ड्वेन ह्रुस्काच्या दुकानाचं पिवळं लेबल होतं. कोरं करकरीत.

त्यानं एकदा जिन्याकडं पाहिलं. मग अंगठ्याच्या नखानं ते लेबल हळूहळू, कुठं चिकटपणाही राहणार नाही असं खरवडून काढलं, भट्टीत नेऊन टाकलं, आणि भांडं पुसून फडताळात सगळ्यात मागं ठेवून दिलं.